नानांचं चकत्यांचं मशीन

भरत ते बोलला होता खरा, पण कधी बोललो ते त्याला आठवत नव्हतं. नानांना मात्र दिवससुद्धा आठवत होता. श्रावणातला शेवटचा सोमवार. भरतच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिकचा पाइप फुटला म्हणून तो नानांच्या दुकानात थांबला होता आणि पाइप बसवून होईपर्यंत बसल्या बसल्या म्हणाला होता, "नाना, वेफर्सचा कारखाना टाकायचं चाललंय. सगळ्यात आधी चकत्या पाडायचं मशीन लागतंय. तुमीच बनवा की एखादं. तुमच्यासारखा हात कुणाचा हाये?"

समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून आपण दिवसातून चार वेळा असं काहीबाही बोलतो. 'दसरा झाला की देतो,' नाना म्हणाले होते; घरी पोचेपर्यंत भरत तेही विसरला.

नाना म्हणजे भिमाजी, भरतच्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. निरगुडसरला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान. पाण्याच्या मोटारी, मळणीयंत्रं, कडबाकुट्ट्या, रसवंतीचे चरक, जे बिघडेल ते तिथं यायचं. वय अडुसष्ट, शाळा सातवीपर्यंत. पण चालू मोटारीपाशी डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, बेअरिंग गेलंय की पट्टा ढिला झालाय. भरतच्या हातात पहिला पान्हा दिला तो त्यांनीच. पुढं भरत आयटीआयला गेला, रांजणगावच्या एका कंपनीत बारा वर्षं काढली आणि गावी परतला तो वेफर्सचं डोक्यात घेऊनच. सातगाव पठारावरचा बटाटा हाताशी होता, घरामागं मोठं शेड होतं. मसाला, चव, पाकिटं हे बायको आरतीनं बघायचं आणि मशिनरीचं भरतनं, अशी वाटणी झाली होती.

मशिनरी निवडणं हे भरतच्या आवडीचं काम. दोन महिने तो त्याच नादात होता. साल काढायचं, चकत्या पाडायचं, धुवायचं, तळायचं, तेल निथळायचं, प्रत्येक कामाला वहीत वेगळं पान. प्रदर्शनं पालथी घातली. भोसरीला एका कारखान्यात तर आपलेच दोन पोती बटाटे घेऊन गेला, त्यांच्या मशीनवर स्वतः चकत्या पाडल्या आणि खिशातलं व्हर्नियर काढून एकेक चकती मोजली. जाडी सारखी, कड फाटत नव्हती, तासाला तीनशे किलो बटाटा निघत होता. तिथंच ऑर्डर दिली. मशीन तयार होऊन यायला तीन महिने लागणार होते.

त्यानंतर आठच दिवसांनी नानांचा फोन आला.

"दसरा झाला की म्हणलं व्हतं तुला. ये आरतीला घिऊन. झालंय मशीन."

"कसलं मशीन, नाना?"

"कसलं म्हंजी? चकत्यांचं!"

दुकानासमोर मशीन उभं होतं. खाली ट्रॉलीच्या अँगलचा स्टँड, त्यावर एक पत्र्याचा ड्रम, वर बटाटा टाकायला तोंड, बाजूला मोटार. अंगाला रंगही दिला होता, भरतच्या ट्रॅक्टरचा डब्यात उरलेला निळा. नानांनी बटण दाबलं. एकेक बटाटा तोंडातून सोडायचा, वरून लाकडी दट्ट्यानं दाबायचा, की खाली परातीत चकत्या. साळुबाई काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, चुलीवर कढई ठेवलीच होती. पहिला घाणा काढून त्यांनी आरतीच्या हातात दिला.

"बघ गं, कसं झालंय. म्हातारा दीड महिना जेवाय हाक मारली तरी उठत नव्हता."

चकत्या वाईट नव्हत्या. एखादी एका बाजूनं जाड, बाकी बऱ्या. पण भरतला दोन मिनिटांत कळलं, तासाला फार तर साठ-सत्तर किलो. त्यात सारखा एक माणूस दट्ट्यापाशी अडकून पडणार. हे झालं एक. दुसरं त्यानं स्वतःशीही धड कबूल केलं नाही. मंचरचे, नारायणगावचे व्यापारी शेड बघायला येतील, पांढऱ्या फरश्या, पांढऱ्या भिंती, आणि मधोमध हे निळं धूड. त्याला त्या मशीनची लाज वाटली.

'नाना, मशीन चांगलंय, पण मला तासाला तीनशे किलो पाहिजे, मी भोसरीला ऑर्डर दिलीय.' एवढंच सांगायचं होतं. नाना हात पुसत त्याच्या तोंडाकडं बघत होते. कपाळावर घाम, हातावर निळ्या रंगाचे ठिपके.

"एक नंबर झालंय, नाना," भरत म्हणाला. "पण काय झालं, परवा अन्न खात्याचे साहेब येऊन गेले. लोखंड चालत न्हाई म्हणले. बटाटा जिथं जिथं लागंल तिथं सगळीकडं स्टीलच पाहिजे."

"पाती स्टीलचीच हायेत की."

"पाती झाली. पण ड्रम, तोंड, खालची घसरण..."

नानांनी मशीनभोवती एक चक्कर मारली. ड्रमच्या आत बोट फिरवून बघितलं. "बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "खायची वस्तू हाय. माज्याच ध्यानात याय पायजे व्हतं." आणि त्यांनी मशीनवर गोणपाट टाकलं.

भरतला हायसं वाटलं. कुणाचं मन दुखलं नाही, वाईटपणा साहेबावर गेला, आणि साहेब काही विचारायला येणार नव्हता.

गाडीत बसल्यावर आरती म्हणाली, "साहेब कधी आले होते?"

"अगं, काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना."

"खरं सांगितलं असतं तर दोन दिवस रागावले असते," एवढंच ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दिवाळी गेली. शेडमध्ये फरश्या बसल्या, थ्री-फेजचं कनेक्शन आलं. नानांचं दुकान सकाळचं बंद दिसायला लागलं होतं, पण भरतनं कधी थांबून विचारलं नाही. ते रोज सकाळच्या एसटीनं मंचरला जातात असं कुणीतरी म्हणालं. डोळ्याच्या डॉक्टरकडं जात असतील, असं त्यानं गृहीत धरलं.

मार्गशीर्षात शेडमधली पाण्याची टाकी बसवायला गोरख आला. मंचरला त्याचा कारखाना. दुधाच्या टाक्या, डेअरीचं स्टीलचं काम करायचा. वय तीसेक. टाकीला पाइप जोडता जोडता तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या नानांना मानलं राव. दीड महिना झाला, माज्याकडं आरगॉन वेल्डिंग शिकायला येत्यात."

भरतच्या हातातली टेप तशीच राहिली. "शिकायला?"

"व्हय. लोखंडाचं वेल्डिंग त्यांच्या हातात बसलेलं, पण स्टीलचं काम येगळं. हात जरा हालला की भोक पडतंय. सुरवातीला लई भोकं पाडली त्यांनी. माजी पोरं हसायची. नाना त्या पोरांना म्हणायचे, हसा, पर कुठं चुकलं ते सांगा. आता मस्त शिवण मारत्यात." गोरखनं पान्हा खाली ठेवला. "तुमचं काम अडलंय म्हणं. साहेबानं मशीन नापास केलं, आन् पोरगा माज्या मशीनसाठी थांबलाय, असं सांगत व्हते."

भरतनं टेप गुंडाळून ठेवली. तो शेडच्या मागं गेला आणि उगीचच पाण्याच्या नळ्या मोजत उभा राहिला. आत्ता उठावं, गाडी काढावी, दुकानात जाऊन सांगावं. अजून निम्मं काम बाकी असेल, निम्मे कष्ट तरी वाचतील. संध्याकाळी जाऊ असं ठरवलं. संध्याकाळी वायरमन आला. उद्या जाऊ म्हटलं. उद्याचाही उद्या झाला. रोज सकाळी पहिली आठवण त्याचीच यायची, आणि रोज कसलं ना कसलं काम निघायचं. नाही निघालं तर तो काढायचा.

पौषात भोसरीचं मशीन आलं. काय सुंदर होतं! आरशासारखं स्टील, आवाज नुसता घुमल्यासारखा. जमिनीत बोल्ट गाडून बसवलं. आरतीनं त्याची पूजा केली, नारळ फोडला. भरतनं फोटो काढले आणि कुणालाच पाठवले नाहीत. नानांच्या कानावर जाईल म्हणून त्यानं कामावरच्या बायकांनाही सांगितलं, इतक्यात कुठं बोलू नका.

"किती दिवस लपवणार आहात?" आरती म्हणाली. "एवढं मोठं मशीन आहे, पदराखाली झाकायचं का?"

चार दिवसांनी साळुबाई काकूंचा निरोप आला, नानांचे डोळे सुजलेत. भरत पळतच गेला. नाना दुपारचे आतल्या खोलीत आडवे पडले होते. दाराला जाड पडदा, आणि दोन्ही डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या.

"वेल्डिंगचा जाळ लागला," काकू म्हणाल्या. "डोळ्यांपुढं धरायची काच फुटलेली, नवी आणंस्तोवर दम निघंना. रातभर डोळ्यात वाळू घातल्यागत तळमळत व्हता. डॉक्टरनं थेंब दिल्यात. ह्ये बटाट्याचं आपलं त्येला गार वाटतं म्हणून."

"कोण? भरत का?" नानांनी आवाज ओळखला. "बस. घाबरायचं काय न्हाई, दोन दिसांत उतरतंय. थोडंच ऱ्हायलंय आता. तोंड बसवलं, पालिश मारलं, की झालं. तुजं काम माज्यापायी खोळंबलंय, मला कळतंय रं."

भरत खाटेच्या कडेला बसला. सांगायचं म्हणून तोंड उघडलं. डोळे झाकून पडलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? आणि सांगितलं तर हे डोळे कशापायी भाजले, त्याचं उत्तर काय?

"नाना, एवढी घाई कशाला केली?" तो म्हणाला.

"घाई कुटं? चार महिनं लावलं मी."

भरत त्यांचे पाय दाबत बसला. लहानपणीही त्यानं कधी त्यांचे पाय दाबले नव्हते. नानांना त्याचं नवल वाटलं असावं. काकूंनी आणलेला चहा तसाच ठेवून तो निघाला.

माघ लागला आणि एका सकाळी शेडसमोर पिकअप येऊन उभी राहिली. वर दोऱ्यांनी बांधलेलं मशीन, शेजारी टोपी घातलेले नाना. ना फोन, ना निरोप. त्यांना भरतला चकित करायचं होतं. ड्रायव्हरला "सावकाश, सावकाश" म्हणत ते खाली उतरले आणि मशीन ठेवायची जागा बघायला आधी एकटेच शेडमध्ये गेले.

आत भोसरीचं मशीन चालू होतं. दोन बायका पाट्यांनी बटाटे ओतत होत्या, चकत्यांचा नुसता पाऊस पडत होता. बायकांनी नानांना बघून मशीन बंद केलं. भरत हातातलं टाकून पुढं आला.

नाना मशीनकडं बघत होते. मग खाली वाकले. बोल्टभोवतीच्या सिमेंटवर बोट टेकवून बघितलं.

"कवा आणलं?"

"महिना होत आला."

"ऑर्डर कवा दिलीवती?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "तुमचं पहिलं मशीन बघायला आलो, त्याच्या आधी आठ दिवस."

"आन् साहेब?"

"साहेब आलेच नव्हते, नाना. अजून पण आले न्हाईत."

बायका हळूच बाहेर निघून गेल्या. नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. भरतला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसावी असंही वाटलं. पण नाना म्हणाले, "चालू कर."

भरतनं बटण दाबलं. नाना डोळे मिटून उभे राहिले. मग पाटी उचलून स्वतः बटाटे ओतले, खालच्या चार चकत्या उचलून उजेडात धरल्या.

"तासाला किती?"

"तीनशे किलो."

"माजं किती?"

"साठ. लई झालं तर सत्तर."

"बंद कर."

मशीन थांबल्यावर शेड एकदम शांत झालं.

"ह्ये तवाच सांगाय काय झालंवतं तुला?" नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तीनशे पायजे म्हणला असतास तर तोंड मोठं केलं असतं, पात्यांची तबकडी बदलली असती. न्हाई तर म्हणलो असतो, बाबा, ह्ये माज्याच्यानं व्हत न्हाई. तेवढं म्हणाय मला लाज न्हाई. तू म्हणलास लोखंड नको. मी चार महिनं लोखंडाचं स्टील करत बसलो. खोट एकीकडं, आन् मी घासतोय दुसरीकडं."

"नाना, तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"मला वाईट वाटंल म्हणून, का तुला सांगाय जड व्हतं म्हणून?"

भरतनं खाली पडलेली चकती उचलली.

"बारक्या पोराची समजूत घालत्यात, लेका. कामाच्या माणसाची न्हाई."

ते बाहेर आले. पिकअपवरचं मशीन एका बाजूची दोरी सुटून थोडं कललं होतं. भरतनं धावत जाऊन खांदा लावला, दोरी आवळली. तेव्हा त्यानं ते जवळून पाहिलं. प्रत्येक शिवण एकसारखी, कुठं गाठ नाही, फोड नाही. ड्रमच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं कुणाचा हातही जाणार नाही, तिथंसुद्धा घासून गुळगुळीत केलेलं. नानांनी त्याला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. गाडीत बसले आणि गेले.

दोन आठवड्यांनी खरोखरीचे साहेब आले. सभ्य माणूस होते. भोसरीच्या मशीनच्या आत हात घालून बघितला, म्हणाले, "स्टील आहे, उत्तम," आणि सही केली. आरतीनं पेढे वाटले. भरतला मात्र तो शब्द चटका बसल्यासारखा लागला.

तो नानांकडं गेला. एकदा नाही, तीनदा गेला. नाना बोलत होते, तेच वाईट होतं. चहा मागवायचे, बटाट्याचा भाव विचारायचे, कालव्याला पाणी कधी सुटणार ते सांगायचे. मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं, त्याचा विषय नाही. तिसऱ्या वेळी भरत सरळ म्हणाला, "नाना, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," नाना म्हणाले आणि मोटारीची वाइंडिंग गुंडाळत राहिले.

"हे मशीन मी घेऊन जातो. केळीच्या वेफर्सला लावू."

"केळीचं करतोस तू?"

"करू की."

"ठिवायला जागा हाय म्हणून ठिवू नगंस. पुन्यांदा तेच."

चैत्रात एक दिवस भरत दुकानावरून जात होता तर कोपरा रिकामा दिसला. नाना नव्हते. साळुबाई काकूंनी सांगितलं ते ऐकत तो उभा राहिला.

भीमाशंकरच्या वाटेवरच्या एका वाडीतली प्रतिभा म्हणून बाई. पाचजणी मिळून वेफर्स तळतात, देवाला जाणाऱ्यांना विकतात. इतके दिवस हाताच्या किसणीवर चालायचं, बोटं कापायची. गोरखनं तिला नानांचं सांगितलं. ती स्वतःचे बटाटे पिशवीत घालून आली आणि सकाळपासून दुपारपर्यंत मशीन चालवत बसली.

"आन् मंग बोलाय लागली," काकू हसत म्हणाल्या. "म्हणती, बाबा, स्टँड लई उंच केलाय, आमा बायांचे खांदे भरून येतील. दट्ट्या जड हाय. आन् पातं काढून धुवायला पान्हा लागतोय, ते हातानं निघाय पायजे. तोंडावर सांगितलं तिनं! मला वाटलं म्हातारा चिडतोय आता. तर हा खूश! चार दिसांत समदं करून दिलं. आज सोता गेलाय संगं, बसवून द्यायला."

भरत "बरं झालं" म्हणाला. खरंच बरं झालं होतं. तरी गाडीत बसल्यावर त्याला किल्ली फिरवायचं सुचेना. एका अनोळखी बाईनं अर्ध्या दिवसात नानांना जे दिलं, ते त्याला चार महिन्यांत देता आलं नव्हतं. आणि मशीनला जागा मिळवून द्यायचं कामसुद्धा त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. ते नानांनी त्याच्यावाचून उरकलं होतं.

वैशाखात व्यापाऱ्यांकडून तक्रार यायला लागली, वेफर्स तेलकट लागतात. तेल निथळायचं मशीन सुरुवातीला भरतनं पुढं ढकललं होतं, ते आता घेणं भाग होतं. वहीचं ते पान काढून तो बसला असताना आरती म्हणाली, "या वेळी आधी विचारा."

तो वही घेऊन दुकानात गेला. नानांनी चष्मा लावून पान वाचलं, बोट ठेवून ठेवून.

"येतो मी भोसरीला," ते म्हणाले. "पर एक सांगतो. तिथं मला गप बसवायचं न्हाई, आन् तूबी गप बसायचं न्हाई."

भोसरीच्या दुकानात दोन मशीनं होती, मोटारीवर टोपली गरगरा फिरून तेल उडवणारी. नानांनी दोन्हींचे पट्टे दाबून पाहिले, टोपली हातानं फिरवून पाहिली आणि जाड पत्र्याच्या, मोठ्या मशीनवर थाप मारली. "ह्ये घे. तुज्या नातवापर्यंत चालंल."

भरतला ते नको होतं. 'बघू', 'विचार करून सांगतो', 'आरतीला विचारतो', सगळी जुनी सोयीची वाक्यं ओठाशी आली.

"नाना, हे मला नको," तो म्हणाला. "ह्याच्या टोपलीत एका वेळी वीस किलो पडतात. खालचा माल दबून चुरा होईल. मला लहान पाहिजे."

नानांचा चेहरा पडला. अगदी क्षणभर, पण पडला. भरतनं तो पाहिला आणि शब्द मागं घेतले नाहीत.

"चुरा हुईल कशावरनं?"

"आमी घरी करून बघितलं. पाटीत जास्त भरलं की होतोय."

"पाटी हालती का? ही फिरती. फिरताना माल कडंला जातुया, दबत न्हाई."

"तरी मला पटत न्हाई."

"मंग नगं घिऊ," नाना म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. भरतनं लहान मशीनची ऑर्डर दिली.

चाकण गेलं, खेड गेलं, नाना काच वर करून बसले होते. भरत गाडी चालवत होता. लपवायला काही नव्हतं, त्यामुळं समोरच्या रस्त्याकडं नीट बघता येत होतं.

मंचर यायच्या अलीकडं नाना म्हणाले, "त्या ल्हान मशीनचं झाकण उघडं असताना टोपली फिरती का बंद पडती, बघितलंस?"

"न्हाई."

"बाया काम करणार हायेत तिच्यावर. हात घालतील."

भरतनं गाडी बाजूला घेतली, फोन काढला आणि दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, फिरते, पण जपून वापरलं की काही होत नाही. भरतनं फोनवर हात ठेवून ते नानांना सांगितलं.

"त्याला म्हणावं, झाकण उघडलं की बंद पडाय पायजे. तसं करून दे, न्हाई तर ऑर्डर रद्द," नाना म्हणाले. "आन् मशीन तू निवडलेलंच घे. त्यात माजं म्हणनं न्हाई. मला अजून पटलेलं न्हाई, पर कारखाना तुजा हाय."

भरतनं तसं सांगितलं. दुकानदार कुरकुरला, मग तयार झाला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली आणि नानांनी काच खाली करून बाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं, चुऱ्याचा विषय पुन्हा पहिल्यापासून काढला.